हळू चालणारा कॉम्प्युटर

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो लग्नं जमवायला. कळंबमध्ये त्या काळी ज्यांच्या घरात कॉम्प्युटर असायचा त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला तरी असायचा, नाहीतर ते स्वतः डॉक्टर तरी असायचे. आमच्यात तसं कुणी नव्हतं. अण्णा एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि आई चौथी शिकली होती. पण आई वधूवर सूचक केंद्र चालवायची, आणि तिच्या तीन रजिस्टरांपैकी एक उंदरांनी खाल्लं. त्यात 'क' पासून 'ज' पर्यंतच्या मुली होत्या. आईला त्या सगळ्या पाठ होत्या, उंचीसकट, त्यामुळं त्यांच्यापैकी कुणाचं लग्न अडलं नाही. पण फोटो पाठ असून उपयोग नसतो, तो समोरच्याला दाखवावा लागतो. म्हणून बाजारातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा अण्णांनी तिथला एक वापरलेला कॉम्प्युटर उचलून आणला. क्लास का बंद पडला हे आम्ही विचारलं नाही. कॉम्प्युटर सुरू केल्यावर साधारण अंदाज आला.

केंद्र म्हणजे आमची पुढची खोली. एक लोखंडी पलंग, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि खिडकीखालच्या टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यावर आईनं लोकरीनं विणलेलं झाकण. दारावरची पाटी डेपोतल्या पेंटरनं रंगवून दिली होती, त्यामुळं तिची अक्षरं हुबेहूब गाडीच्या पाटीसारखी आली होती. एकदा एक म्हातारबाबा पिशवी घेऊन आत आले, खुर्चीवर टेकले, पाणी प्याले आणि येरमाळ्याची गाडी कधी लागते म्हणून विचारलं. आईनं त्यांना गाडीची वेळ सांगितली आणि तेवढ्यात त्यांच्या नातवाची नोंदणीही करून घेतली. त्या नातवाचं लग्न पुढं आमच्याच केंद्रातून जमलं.

आमच्या समाजात पत्रिका बघत नाहीत. त्यामुळं छत्तीस गुणांची भानगड नव्हती. शिक्षण, नोकरी, उंची, रंग, गाव आणि मामाचं गाव, एवढ्यावर काम चालायचं. नोंदणीची फी नावापुरती होती आणि ती सुद्धा बरेचजण तुरीत, शेंगांत नाहीतर हरभऱ्याच्या ढाळ्यात द्यायचे. कॉम्प्युटर चालवायला मी. बारावीनंतर मी सरकारी कॉम्प्युटर कोर्स केला होता, त्याच्या प्रमाणपत्रावर माझा फोटो होता, आणि सुजाताला कॉम्प्युटर येतो ही बातमी आमच्या गल्लीत पक्की झाली होती. पुढं मी बी.ए.ला नाव घातलं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मला कॉम्प्युटरची आवड आहे का, हेही कुणी कधी विचारलं नाही. आवड नव्हती. पण गव्हाच्या चाळणीसारखं ते माझ्या हाताला लागलं होतं, आणि घरात जे काम ज्याच्या हाताला लागतं ते त्याचंच होतं.

तो कॉम्प्युटर आला तेव्हाच म्हातारा होता आणि आमच्याकडं येऊन आणखी म्हातारा झाला. बटण दाबलं की आतला पंखा लांबवर कुणीतरी कडबा कुट्टी चालवल्यासारखा घरघरायचा. मग हार्ड डिस्क टकटक करायची. मी चहाचं आधण ठेवायची, साखर-पत्ती घालायची, दूध ओतायची, चहा गाळून कप घेऊन बाहेर यायची, तेव्हा कुठं पडदा निळा झालेला असायचा. त्यानंतर नाव शोधायचं. त्यानंतर फोटो. फोटो वरून खाली यायचा. आधी केस, मग कपाळ, मग थोडा वेळ काहीच नाही. भुवया येईपर्यंत पाहुण्यांची सुशीला खाऊन व्हायची. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा कांदा, मिरची, शेंगदाणे घातलेला नाश्ता, आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतो. पुण्याकडून आलेल्या एका पाहुण्यांना मात्र आईनं "सुशीला आणू का?" म्हणून विचारलं तेव्हा ते एकदम सावरून बसले आणि त्यांनी मुलाला शर्टाचं वरचं बटण लावायला सांगितलं.

या सगळ्या वेळात आई बोलत असायची. बोलण्यात तिची घाई नसायची.

"पाव्हणं, मूळ गाव कुठलं म्हनला?"

"वाशी."

"वाशीत शाळंच्या मागं तुमचं कोन राहायचं?"

"चुलता राहायचा आमचा. आता बार्शीला गेला."

"मंग तुमची चुलती म्हंजे पारगावच्या मास्तरची भन. बगा, ही पोरगी त्या मास्तरची विद्यार्थिनी."

पडद्यावर नाक येईपर्यंत काहीतरी नातं निघायचं. हनुवटी येईपर्यंत त्या मुलीनं आजीचं कसं केलं, ती दहावीला असताना घरात कोण आजारी होतं आणि तिच्या हातची चटणी कशी असते, हे पाहुण्यांना माहीत झालेलं असायचं. पूर्ण फोटो आला तेव्हा ती त्यांना थोडी ओळखीची वाटायची. नातं फारच जवळचं निघालं तर मला फोटो अर्ध्यावर सोडून दुसरा काढावा लागायचा. आमच्या केंद्रातून लग्नं बरी जमायची. का जमायची याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. आईच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे आणि आई ते खोडत नव्हती.

तिसऱ्या वर्षी कॉम्प्युटर मधेच थिजायला लागला. एकदा परंड्याच्या एका मुलाचा फोटो वरच्या ओठावर येऊन जो थांबला तो संध्याकाळपर्यंत तसाच. मुलीकडचे दोनदा चहा घेऊन गेले. मग अण्णांनी इस्माईलचाचांना बोलावलं. चाचांचं बस स्टँडच्या मागं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी ते टीव्ही दुरुस्त करायचे, त्याआधी रेडिओ. त्यांनी मांडी घालून कॅबिनेट उघडलं, आत फुंकर मारली, खोकले, आणि निकाल दिला.

"भाबी, याच्यात आता दम न्हाई. नवा घ्या. याची रॅम कंपनीनं बनवायची बंद केली. जुनी कुठं मिळाली तर नव्यापेक्षा महाग पडंल."

अण्णांना हे पटलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य डेपोत गेलं होतं आणि डेपोत नवं घ्या हा शब्द नव्हता. ते म्हणाले, "गाडी जुनी झाली म्हून कोन टाकतंय? इंजन उतरवायचं, बोअर करायचं, चढवायचं. बॉडी गंजली तर बॉडी बदलायची. चासी हाय ना धड?"

"दादा, ही गाडी न्हाई."

"मग काय हाय? पंखा हाय, तार हाय, तापतंय. गाडीच हाय."

मी नव्याच्या बाजूनं होते आणि हे मी इतक्या जोरात सांगितलं की अण्णांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. आई कुणाच्याच बाजूनं नव्हती. तिला ना दुरुस्त करायचा होता ना बदलायचा. तिचं म्हणणं, आत पाचशेच्या वर पोरंपोरी आहेत, डबा बदलला तर त्यांचं काय. चाचा म्हणाले, सगळं कॉपी करून देतो. आई म्हणाली, "कॉपी म्हंजे झेरॉक्सच ना? झेरॉक्समधी मानूस काळा येतो. आधीच रंगावरून लोक नखरे करत्यात."

माझ्या जोराचं कारण कॅबिनेटमध्येच होतं, पण ते चाचांनी उघडलेल्या बाजूला नव्हतं. त्याच्या दोन वर्षं आधी डेपोत जॅक निसटून अण्णांचा हात चेमटला होता तेव्हा धाराशिवच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ अकरा दिवस राहिले. तिथं एक सिस्टर होत्या. त्या रोज सकाळी जखम धुवायच्या, आणि एकदा डॉक्टर मधेच आले तर न बघता "थांबा जरा" म्हणाल्या. डॉक्टर थांबले. मला ते फार आवडलं. मी कुणाला न सांगता लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजचा फॉर्म भरला आणि माझा नंबर लागला. ते पत्र आलं तेव्हा घरात मी एकटी होते. ते कुठं ठेवावं हे मला सुचेना. कपाट आईचं, पेटी अण्णांची, गादीखाली ढेकूण. कॅबिनेटची मागची बाजू एकाच स्क्रूवर होती आणि ती फक्त मी उघडायची, म्हणून मी पत्राची घडी करून तिथं आत सरकवली. चालत्या मशिनमध्ये कागद ठेवणं किती शहाणपणाचं आहे, हे मी आज आमच्या वॉर्डातल्या पोरींना सांगणार नाही. हजर होण्याची तारीख दीड महिन्यानंतरची होती. नवा कॉम्प्युटर सोपा असतो, मोठी मोठी चित्रं असतात, दाबलं की उघडतं, असं मी ऐकलं होतं. तसा एक घरात आला तर आईला तो जमेल आणि मग मला जाता येईल, असा माझा हिशोब होता. तो मी कुणाला सांगितला नव्हता. घरात प्रत्येकजण कॉम्प्युटरबद्दल बोलत होता, आणि मी सुद्धा.

अण्णांनी पुढं वाद घातला नाही. ते एका सुट्टीच्या दिवशी पहिल्या गाडीनं सोलापूरला गेले आणि दुपारी जुन्या बाजारातून रॅमच्या दोन पट्ट्या आणि एक मोठी हार्ड डिस्क रुमालात बांधून घेऊन आले. पुढच्या रविवारी त्यांनी वर्कशॉपचे खाकी कपडे घातले, पलंगावर सतरंजी टाकली, आणि पान्यांची अख्खी पेटी काढून शेजारी ठेवली. लागला फक्त एक स्क्रू ड्रायव्हर. इस्माईलचाचा बाजूला बसून सांगत होते आणि अण्णा करत होते. मी सुशीलेसाठी कांदा चिरत होते. मधेच माझ्या लक्षात आलं की अण्णा दोन्ही बाजू काढणार. मी विळी सोडून बाहेर आले तेव्हा अण्णांच्या हातात पत्र होतं. त्यांनी ते उभ्यानं पूर्ण वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. मग चाचांनी विचारलं, "काय निघालं, दादा?"

"गॅरंटी कार्ड," अण्णा म्हणाले आणि पत्र खाकी शर्टाच्या खिशात घातलं.

त्या दिवशी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे, भाकरी वाढ, पाणी दे, असं बोलले. पत्राचं नाव काढलं नाही, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

कॉम्प्युटर मात्र असा पळायला लागला की मला भीती वाटली. बटण दाबलं की पडदा तयार. नाव दाबलं की फोटो. सगळा फोटो, केसापासून हनुवटीपर्यंत, एका क्षणात. अण्णा दोन दिवस शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते, आणि प्रत्येकाला "चासी तीच हाय" म्हणून सांगत होते. इस्माईलचाचांनी हार मान्य केली आणि चहा घेतला.

पहिल्या आठवड्यात आम्हाला काही कळलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कळायला लागलं. पाहुणे यायचे, खुर्ची टेबलाजवळ ओढायचे, आणि बघायला लागायचे. फोटो आला, नाही. फोटो आला, नाही. पुढं. चहाचं दूध उतू जायच्या आत तीसेक मुली बघून व्हायच्या. आई "मूळ गाव कुठलं" म्हणेपर्यंत ते पस्तिसाव्या मुलीवर असायचे. काहीजण तर माउस माझ्या हातातून घ्यायचे, म्हणायचे, सोपं आहे, आम्ही बघतो. आणि जाताना म्हणायचे, "एवढंच हाय का?" पाचशे माणसं बघून एवढंच हाय का. सुशीला पातेल्यात तशीच राहायची आणि रात्रीच्या जेवणात आम्ही तीच खायचो. त्या दोन आठवड्यांत एकही बोलणं पुढं सरकलं नाही. आज माझी भाची मोबाइलवर अंगठ्यानं मुलं सरकवते तेव्हा मला तो अंगठा ओळखीचा वाटतो. आमच्याकडं तो माउसवर होता, एवढंच.

इटकूरकडचे किसनमामा दर महिन्याला बाजाराच्या दिवशी यायचे. त्यांच्या मुलीची, रंजनाची, नोंदणी दीड वर्षापासून होती. लहानपणी स्टोव्हचा भडका उडून तिचा डावा गाल आणि मान भाजली होती. फोटोवाल्यानं तिचा फोटो उजवीकडून काढला होता, पण आईनं तो परत पाठवला आणि समोरून काढून आणायला लावला. ती म्हणायची, "लपवून जमवलेलं लगीन फिरून माझ्याच दारात येतं." किसनमामा येताना शेंगा नाहीतर तूर आणायचे, पलंगाच्या कडेला बसायचे, कुणी आलं का विचारायचे, आणि नाही म्हटलं तरी तासभर बसून जायचे. त्या दिवशी ते बसलेले असतानाच केजकडची मंडळी आली, मुलाची आई आणि मुलाचा मामा. मुलाच्या मामानं बसल्या बसल्या माउस घेतला.

"ही न्हाय. ही न्हाय. ही जरा बुटकी वाटतीय. पुढं."

आई चहाला उठली होती ती दारातच थांबली. मी टेबलाजवळ उभी होते. मला क्रम माहीत होता. दोन फोटोंनंतर कोण येणार हे मला कळलं, आणि मी हात पुढं करेपर्यंत ती आली. सगळीच्या सगळी, एकदम.

"आरारा," मुलाचा मामा म्हणाला. "पुढं."

असं म्हणायला त्याला जेवढा वेळ लागला त्याच्यापेक्षा कमी वेळात ती गेली सुद्धा. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला माहीत नव्हतं की त्याच्या मागं पलंगावर कोण बसलंय. किसनमामांनी पडद्याकडं बघितलं होतं. मग उठले, धोतराचा सोगा झटकला, आणि आईला म्हणाले, "ताई, शेंगा ठिवल्यात. येतो मी."

"चहा घेऊन जावा, दादा."

"नगं. गाडी हाय."

त्यांना गाडी दोन तासांनी होती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ते गेल्यावर आई भिंतीपाशी गेली आणि तिनं कॉम्प्युटरचा प्लग ओढून काढला. पडदा काळा झाला.

"लाईट गेली का?" मुलाच्या मामानं विचारलं.

"व्हय," आई म्हणाली.

वर पंखा फिरत होता. मामानं पंख्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं. "कवा येती?"

"आज काय सांगता येत न्हाय."

संध्याकाळी आईनं इस्माईलचाचांना निरोप पाठवला. ते आले, अण्णाही घरी होते. आईनं सरळ विचारलं, "पयल्यासारखा हळू हुईल का?"

चाचांनी डोळे मिटून घेतले. "भाबी, तीस साल झाले मला धंद्यात. रेडिओ, टीव्ही, सगळं केलं. असं गिऱ्हाईक आजवर न्हाई आलं." मग ते प्रामाणिकपणे म्हणाले, "हुईल. रॅम काढली की हुईल."

अण्णांनी याला ठाम नकार दिला. बरी झालेली गाडी पुन्हा बिघडवायची हे त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. आईनं मग वाद केला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आणि मी टेबल उचलून कॉम्प्युटर मधल्या खोलीत नेला, आणि पुढच्या खोलीत त्या जागी आणखी दोन खुर्च्या टाकल्या. नवा नियम असा की फोटो शेवटी. आधी बसायचं, खायचं, बोलायचं. आईला वाटलं की आता हरकत नाही, तर ती मला हाक मारायची, मी आत एकच बायोडाटा उघडायची, आणि पाहुण्यांना आत बोलवायची. ज्यांना घाई होती ते दुसरीकडं गेले. बाकीचे सुशीला खायला लागले.

म्हणजे कॉम्प्युटर वेगवान झाला आणि माझं काम वाढलं. पूर्वी मी एकदा फोटो लावून दिला की मोकळी असायची. आता आईच्या हाकेकडं कान लावून दिवसभर मधल्या खोलीत बसावं लागायचं. हजर व्हायला बारा दिवस उरले होते. त्या दुपारी आम्ही दोघी मधल्या खोलीत किसनमामांच्या शेंगा फोडत बसलो होतो. चटणी करायची होती. मी एका शेंगेकडं बघत म्हणाले, "आई, मला लातूरला नर्सिंगला नंबर लागलाय."

"माहीत हाय."

"अण्णांनी सांगितलं?"

"त्याच दिवशी. कागद मला दिला. म्या तांदळाच्या डब्यात ठिवलाय. उंदरं लई झाल्यात."

मला राग आला. "मग बोलली का न्हाईस?"

"तू बोलतीस का बगत हुते." तिनं दोन शेंगा फोडल्या. "वीस-बावीस दिस झाले. रोज वाटायचं आज बोलंल. मंग म्हनलं, हिला जायाचंच नसंल."

"जायचंय. पण केंद्राचं कसं होणार?"

आईनं हात थांबवून माझ्याकडं बघितलं. ती रागावली होती हे मला तेव्हा कळलं. "केंद्र माजं हाय," ती म्हणाली. "तुज्या आधी हुतं. तू शाळंत हुतीस तवा म्या बावीस लग्नं लावली. तुला कोन सांगितलं तुज्याबिगर बंद पडतंय म्हून?"

मी पुढची शेंग उचलली.

"नवा कॉम्प्युटर घ्या, नवा घ्या, म्हनत हुतीस ते याच्यासाठी?"

"व्हय. तुला सोपा जावा म्हणून."

"मंग तसं म्हनायचं ना, सुजे. मला वाटलं तुला गाणी ऐकायला पायजे." तिनं पुढ्यातली टरफलं गोळा केली आणि उठली. "चल. दाव कसं चालू करायचं."

पुढचे अकरा दिवस मी आईला शिकवलं. माझ्या नोकरीत मी आजवर शेकडो पोरींना इंजेक्शन द्यायला शिकवलंय, पण ते सोपं होतं. आई माउसला नीट धरायची, भाकरीच्या गोळ्याला धरावं तसं, आणि बाण कोपऱ्यात गेला की माउस उचलून पडद्याला लावायची. दोनदा दाबायचं म्हटलं की एकदा दाबायची, विचार करायची, मग दुसऱ्यांदा दाबायची. मी म्हणायची लवकर दाब. ती म्हणायची, पयल्यांदा दाबलेलं त्याला कळू तरी दे. मराठी अक्षरं कुठल्या बटणावर आहेत हे तिला आठवेना, म्हणून तिनं वहीच्या कागदाचे बारीक तुकडे कापून त्यांच्यावर अक्षरं लिहिली आणि भाताच्या शितानं एकेका बटणावर चिकटवली. त्या आठवड्यात की-बोर्डावर मुंग्या झाल्या. इस्माईलचाचा एकदा बघून गेले आणि म्हणाले, याची गॅरंटी मी घेत न्हाई. अण्णा काही बोलायचे नाहीत. ते घरी आले की दारात उभे राहून तिचा हात बघायचे, नव्या ड्रायव्हरचा गिअर बघावा तसे.

शेवटच्या दोन दिवसांत तिला एक नवा बायोडाटा स्वतः भरायचा होता. मी म्हटलं, कुणाचाही भर, सरावाला. ती म्हणाली, तू भायेर जा, डोक्यावर उभी राहिलीस की सुचत न्हाय. मी पुढच्या खोलीत बसून राहिले. आतून टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक, असा आवाज यायचा. दोन तासांनी तिनं हाक मारली. पडद्यावर पहिल्या ओळीत माझं नाव होतं. मला वाटलं, हे असं आहे तर. शिकवायचं निमित्त करून मला यादीत घातलं. लातूरला पाठवायचं म्हणजे साडेतीन वर्षांचा कोर्स, तोवर कुणीतरी बघून ठेवायचं. मी वाचत गेले. उंची बरोबर होती. रंगाच्या पुढं तिला गव्हाळ लिहायचं होतं, तिथं गहू असं लिहिलं होतं. शिक्षणाच्या पुढं, नर्सिंग चालू. शेवटची ओळ अपेक्षांची असते. तिथं लोक नोकरीवाला, निर्व्यसनी, शहरात स्वतःचं घर, असं लिहितात. आईनं लिहिलं होतं: साडेतीन वर्षे कोणी येऊ नये.

"येऊ मधला ऊ दिसत नव्हता," आई म्हणाली. "अर्धा तास गेला त्याच्यात."

लातूरच्या गाडीला अण्णा मला बसवायला आले. त्यांनी माझी पेटी वर टाकली, खाली उतरून बॉनेटपाशी कान लावला, ड्रायव्हरला क्लचबद्दल काहीतरी सांगितलं, आणि मग खिडकीपाशी येऊन म्हणाले, "या गाडीचं काम म्या केलंय. काळजी करू नको." गाडी निघाली तेव्हा ते माझ्याकडं बघत नव्हते. ते चाकांकडं बघत होते.

रंजनाचं लग्न त्याच वर्षी जमलं, भूमकडच्या एका वायरमनशी. मी तेव्हा हॉस्टेलला होते, पण आईनं सांगितलं की मंडळींनी तिसऱ्या चहानंतर फोटो मागितला, आणि आत जाऊन बघून आल्यावर मुलाची आई एवढंच म्हणाली की पोरीचे डोळे चांगले आहेत. तो कॉम्प्युटर आणखी सहा वर्षं चालला. त्यात अण्णांनी एकदा पॉवर सप्लाय बदलला, एकदा पडदा बदलला, आणि विजेनं बोर्ड जळाला तेव्हा बोर्डही बदलला. माझ्या पहिल्या पगारात मी नवा घेऊन देते म्हणाले होते. आई म्हणाली, तुज्या पगारातनं तू घड्याळ घे.

हॉस्टेलला पहिल्या महिन्यात फोन आला तो रविवारी सकाळी. मेट्रनबाईंच्या खोलीत फोन होता आणि त्या शेजारी बसून ऐकायच्या. आईनं आधी अण्णांच्या हाताचं सांगितलं, मग पावसाचं, मग उंदरांचं. मग म्हणाली, "तुला एक स्थळ आलं हुतं."

मेट्रनबाईंनी वर बघितलं.

"मुलगा शिक्षक हाय. मानसं चांगली वाटली. तुला लहानपणी बघितलेली हाय म्हनत हुते."

"मग?"

"मंग काय. म्या सांगितलं, तिचा बायोडाटा कॉम्प्युटरमधी हाय आन कॉम्प्युटर बिघडलाय. दुरुस्तीला टायम लागंल."

"आणि ते गेले?"

"जातील कशाला? बसले, खाल्लं. त्यांच्यासाठी मोहा गावची एक पोरगी दावली. त्यांना पसंत हाय."

"कशावर दाखवलीस?"

"कॉम्प्युटरवर," आई म्हणाली, आणि जेवलीस का म्हणून विचारलं.